उघड्यावरचा कलासंग्रह कसा पाहायचा: विदर्भातल्या खेड्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

बदलीवर, लग्न होऊन किंवा सासऱ्यांची शेती सांभाळायला म्हणून तुम्ही विदर्भातल्या एखाद्या तालुक्यात आला असाल आणि रविवारी करायचं काय हा प्रश्न पडला असेल, तर हे वाचा. बहुतेक नवे लोक वाघ पाहायला जातात, मग लोणार, मग शेगाव, आणि त्यांची यादी तिथेच संपते. पण इथे शिवारभर एक संग्रह पसरलेला आहे. देवळांच्या भिंती, किल्ल्यांचे दरवाजे, वेशीबाहेरचे वीरगळ (लढाईत पडलेल्यांचे स्मृतिदगड), पिंपळाच्या पारावर टेकवून ठेवलेल्या मूर्ती, लाकडी स्मृतिस्तंभ असं सगळं त्यात आहे. बऱ्याच ठिकाणी तिकीट नाही, सूचीपत्र तर कुठेच नाही, आणि रखवालदार म्हणजे गुरव किंवा शेजारच्या वावरात वखर हाणणारा माणूस. त्यामुळे रोज त्याच रस्त्याने शाळेत किंवा ऑफिसात जाणाऱ्यालाही तो दिसत नाही. नोकरीमुळे माझं इथल्या निरनिराळ्या तालुक्यांत राहणं झालं. त्यातून जे हाताशी आलं ते क्रमाने लिहितो.

१. आधी फक्त आपल्या तालुक्याची यादी करा

'विदर्भ दर्शन' वगैरे डोक्यातून काढून टाका. अकरा जिल्हे आहेत. बुलढाण्याहून गडचिरोलीला जाणं म्हणजे दिवसभराचा प्रवास. आपल्या तालुक्यापासून सुरू करा.

यादीसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाची केंद्रीय संरक्षित स्मारकांची जिल्हावार यादी पाहा. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाची यादी वेगळी असते, तीही पाहा. या याद्यांमध्ये नावं सरकारी असतात, 'महादेव मंदिर, मौजा अमुक' अशी. गावात त्या नावाने कुणी ओळखत नाही. नावापेक्षा मौजा लिहून घ्या, बाकीचं गावात कळतं.

दुसरा आधार म्हणजे जुनी जिल्हा गॅझेटियर. राज्याच्या दर्शनिका विभागाने ती संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. इंग्रजांच्या काळातल्या खंडांत शेवटी गावांची अकारविल्हे माहिती असते. चंद्रपूर शोधायचं तर 'चांदा' शोधा, भद्रावतीसाठी 'भांदक'. गावाच्या नावाचं स्पेलिंग त्या साहेबांनी कानाला जसं लागलं तसं केलेलं आहे, म्हणून दोन-तीन तऱ्हांनी शोधावं लागतं. शंभर वर्षांपूर्वी तिथे काय उभं होतं हे वाचून मग आज जागेवर गेलं की काय पडलं, काय हललं आणि कशावर रंग चढला ते कळतं.

आणि एकदा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जाऊन या. अजब बंगला म्हणा, रिक्षावाल्याला तेच नाव माहीत असतं. १८६३ सालचं आहे; सोमवारी बंद. गावातल्या दगडांसाठी नागपूरला कशाला, असं वाटेल. पण आपल्या आसपासच्या शिवारांत निघालेल्या कितीतरी वस्तू तिथे आहेत. मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिणीच्या जैन कांस्यमूर्ती तिथे आहेत, रामटेकजवळच्या हमलापुरीच्या बौद्ध मूर्तीही तिथेच. मनसरला सापडलेली शिव-वामनाची प्रसिद्ध मूर्ती तर दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. गावात काय राहिलं हे समजायचं तर गावातून काय गेलं हेही पाहावं लागतं.

२. गावात विचारायचं कसं

'इथे प्राचीन शिल्पकला कुठे आहे?' असं विचारलंत तर उत्तर येईल, 'इथं काही नाही ना जी, दगडं आहेत नुसते.' त्या दगडांसाठीच तुम्ही आलेले असता. म्हणून विचारताना देवाचं नाव घ्या: जुना महादेव कुठे आहे, मातामायची जागा कुठली, वाघोबा कुठे बसवलाय, नागोबाचा दगड आहे का, गोंडांचं जुनं ठाणं कुठलं. 'जुनं देऊळ' म्हणालात तर बहुधा गावातल्या नव्या सिमेंटच्या मंदिराकडे बोट दाखवतील, कारण ते जुन्याच्याच जागी बांधलेलं असतं. अशा वेळी पुढचा प्रश्न: 'जुन्या देवळाचे दगड कुठे ठेवले?' उत्तर साधारण तलावाची पाळ, पाराचा कठडा किंवा विहिरीचा थाळा यांपैकी एक असतं. पूर्वेकडच्या झाडीपट्टीत, म्हणजे जंगलाच्या पट्ट्यात, मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांनी बांधलेले) आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, यांच्या पाळीवर हमखास काहीतरी सापडतं.

सगळ्यात जास्त माहिती गुराख्याला असते. त्यानंतर कोतवाल. शिकलेले तरुण फोनवर शोधून सांगतात आणि चुकीचं सांगतात.

एक गोष्ट इथे गांभीर्याने घ्या. पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला आधी भेटल्याशिवाय अनोळखी गावात दगडांभोवती फिरू नका. गुप्तधनाच्या नादाने वीरगळाखाली आणि नंदीखाली खड्डे करणारी टोळकी खेड्यांतून फिरत असतात, आणि टॉर्च व मोजपट्टी घेऊन फिरणारा परका माणूस गावाला तसाच दिसतो. ओळखपत्र दाखवा, कुठल्या शाळेत किंवा ऑफिसात आहात ते सांगा, गावातलं एखादं पोरगं सोबत घ्या. कुदळ, पहार, खुरपं असलं काही गाडीत ठेवू नका. अंधार पडल्यावर तर जाऊच नका.

३. सोबत काय घ्यायचं

- आधार किंवा नोकरीचं ओळखपत्र. मुलांना नेत असाल तर मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांची संमती, आणि शाळेकडून लागणारी सहलीची परवानगी आधीच.
- लहान टॉर्च. हिचा उपयोग पुढे सांगतो.
- जमली तर दुर्बीण. शिखरावरचं आणि छतावरचं त्याशिवाय नीट दिसत नाही.
- वही, पेन्सिल. फोटो काढून माणूस लगेच विसरतो. वेडंवाकडं का होईना, चित्र काढलं की लक्षात राहतं.
- पाणी, दुपट्टा, पायात बूट. पडक्या दगडांत विंचू-साप असतात.
- बसायला सतरंजीचा तुकडा. थकल्यावर बसायची सोय नसेल तर तुम्ही लवकर निघाल.

ब्रश, खडू, तेल, पाण्याचा स्प्रे यांतलं काहीही नको. मुद्दाम सांगतो, कारण शिलालेख वाचायला सोपा जावा म्हणून अक्षरांत खडू किंवा पीठ भरायचा सल्ला अजूनही कुणी ना कुणी देतं.

एसटीने जाणार असाल तर परतीची शेवटची गाडी कंडक्टरला उतरतानाच विचारा. महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास असल्यामुळे घरच्या आजींना नेणं स्वस्तात पडतं. आणि आजी सोबत असल्या की गुरव जास्त बोलतो.

४. ऋतू आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा दगडाला हात लागत नाही. पावसाळ्यात पांदण रस्त्याला गुडघाभर चिखल आणि नदीकाठच्या देवळांना पूर. मार्कंड्याला महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते; देवदर्शनाला जरूर जा, पण शिल्पं पाहायला तो दिवस टाळा. गर्दीत भिंत दिसत नाही.

कोरीवकामाला तिरपं ऊन लागतं, म्हणजे सूर्योदयानंतरचा तासभर आणि संध्याकाळचा. भर दुपारी उजेड वरून पडतो आणि चेहरे सपाट दिसतात. आता अडचण अशी की गडचिरोली-चंद्रपूर-ब्रह्मपुरी पट्ट्यात नेमक्या त्याच वेळा वाघाच्या आहेत. गावाबाहेरच्या देवळाला पायवाटेने जायचं असेल तर ऊन चांगलं वर आल्यावर निघा आणि चारच्या आत डांबरी रस्त्याला लागा, एकटं जाऊ नका. शिल्पाच्या सावल्या थोड्या कमी मिळाल्या तरी चालेल. पश्चिम विदर्भात, मेळघाट-नरनाळ्याचं जंगल सोडून उघड्या काळ्या रानात, ही भीती फारशी नाही. तिथे सकाळच्या उन्हाचा पुरता फायदा घ्या.

दुसरी भीती आग्या मोहोळाची. उंच जुन्या शिखरांवर, किल्ल्याच्या कमानींखाली ती असतात. पोहोचल्यावर आधी वर पाहा. अगरबत्तीचा धूर, अत्तर, आरडाओरडा, ड्रोन हे तिथे नको.

५. सुरुवात कुठून करावी

खाली दिलेली यादी पूर्ण नाही. माझ्या आवडीची आहे आणि तीत पूर्वेकडे झुकतं माप आहे.

गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यातलं मार्कंडा. वैनगंगा इथे उत्तरवाहिनी होते आणि काठावर वालुकाश्माच्या देवळांचा समूह आहे. मुख्य मंदिराच्या शिखरावर पूर्वी वीज पडून त्याचं मोठं नुकसान झालं होतं, आणि पुरातत्त्व खात्याचं दुरुस्तीचं काम तिथे बरीच वर्षं चाललं. काही भाग परांच्या-पत्र्यांमागे असला तर हिरमुसून परत फिरू नका; सभोवतालची लहान देवळं तेवढीच पाहण्यासारखी आहेत, आणि उतरवून ओळीत मांडलेला दगड जवळून दिसतो. एरवी तो तीस-चाळीस फुटांवर असतो.

चंद्रपूर शहराला गोंड राजांचा परकोट आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अचलेश्वर असे चार मोठे दरवाजे, आणि दरवाजांवर हत्तींवर मात करणाऱ्या सिंहाचं चिन्ह. लोक त्याखालून रोज दुचाकीवरून जातात. अचलेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंती शिल्पपटांनी भरलेल्या आहेत, आणि लगतच राणी हिराईने बांधलेली राजा बिरशहाची समाधी. मात्र माझी शिफारस लालपेठच्या मूर्तींची. प्रचंड दगडी मूर्ती, देऊळ कधी उभंच न राहिल्यामुळे उघड्यावर जमिनीवर पडलेल्या. 'अपूर्ण देवालय' म्हणतात. रायप्पा नावाच्या कोमटी सावकाराने ते काम आरंभलं असं सांगतात. त्यातली सर्वांत मोठी दहा तोंडांची दुर्गा. लोक तिला रावण म्हणतात. एरवी देव गाभाऱ्यात उभा आणि आपण खाली. इथे आडव्या पडलेल्या देवीच्या बाजूने चालत जाता येतं.

नागपूर जिल्ह्यात रामटेक. गडावरची गर्दी थेट रामाच्या देवळात जाते. तुम्ही वाटेत थांबा. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन देवळं आहेत, म्हणजे दीड हजार वर्षांची; मूर्ती अवाढव्य, एक पाय दुमडून निवांत बसलेल्या. गडावरच वराहाची मूर्ती आहे; तिच्या पोटाखालून पापी माणूस पार होऊ शकत नाही अशी समजूत आहे. ती मूर्ती नीट पाहा, आणि सुटलेल्या पोटाला पाप म्हणू नका.

वर्धा जिल्ह्यात पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांच्या आश्रमात जमिनीतून निघालेली शिल्पं मांडलेली आहेत. शेत खणताना विनोबांना सापडलेलं भरत-रामाच्या भेटीचं शिल्प त्यात प्रसिद्ध. त्याच दिवशी सेवाग्राम होतं.

पश्चिमेला बुलढाण्यात लोणार गावातलं दैत्यसूदन मंदिर: बाहेरून ताऱ्यासारखा आराखडा, आत छतावर विष्णूची कथा. लोणारला येणारे सगळे सरोवर पाहून जातात आणि मंदिर गावात असल्यामुळे राहून जातं. मेहकरला शार्ङ्गधर बालाजीची मूर्ती आहे, १८८८ साली जमिनीतून निघालेली, अकराएक फूट उंच, एकसंध काळा दगड. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांची समाधी. अकोल्यात बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री, आणि अकोटकडून नरनाळ्याचा महाकाली दरवाजा, १४८७ सालचा. त्यावरची कमळं आणि कोरीव अक्षरांची पट्टी बघत राहावी अशी. नरनाळा वनखात्याच्या ताब्यात आहे, शहानूरच्या नाक्यावरून प्रवेश, वेळ संपायच्या आत बाहेर. अमरावतीत चिखलदऱ्याजवळ गाविलगडच्या दिल्ली दरवाजावर हत्ती पकडलेला दोन डोक्यांचा गंडभेरुंड आहे, आणि दर्यापूर तालुक्यात लासूरचं आनंदेश्वर. लासूरला मंडपाच्या छतात मधोमध उघडी गोल जागा आहे. ऊन तिथून आत उतरतं आणि खांबांवरून सरकतं. तिथे दोन-तीन तास बसायची तयारी ठेवा.

एका दिवसात एकच ठिकाण. फार तर दोन, ती एकाच गावात असतील तर.

६. प्रत्यक्ष पाहायचं कसं

आधी दगड ओळखा. पश्चिमेला काळा बेसाल्ट: घट्ट, बारीक, त्यात मूर्तीच्या गळ्यातल्या साखळीची एकेक कडी आजही जागेवर असते. पूर्वेला वालुकाश्म: तांबूस-पिवळसर, कोरायला सोपा, पण पावसाने दाणा-दाणा सुटतो. म्हणून मार्कंड्याच्या काही मूर्तींना नाक-डोळे उरले नाहीत आणि सगळे म्हणतात 'कुणीतरी फोडलं'. फोडलेल्या दगडाची कड धारदार असते, झिजलेल्याची गोल. एवढं पाहून मग बोला.

मग लांब उभे राहा. फोटो काढायच्या आधी देवळाभोवती एक प्रदक्षिणा, न थांबता. दुसऱ्या फेरीत खालून वर पाहत या: जोत्याचे थर, त्यात कुठे हत्तींची रांग, मग माणसांची, मग भिंतीवरचे देव आणि देवांच्या मधल्या खाचांतल्या सुरसुंदरी. एक आरसा धरून बसलेली, एक पत्र लिहिणारी, एकीच्या पायातला काटा कुणी काढतंय, एकीचं वस्त्र माकड ओढतंय. कोपऱ्यांत व्याल, सिंहासारखं धड आणि तोंड कशाचंही. नव्या माणसाला देव ओळखता येत नाहीत म्हणून तो घाबरतो. त्याने या खाचांपासून सुरुवात करावी. तिथे विद्वत्ता लागत नाही.

दाराशी थांबा. चौकटीच्या उभ्या पट्ट्यांना शाखा म्हणतात, त्या मोजा. चौकटीच्या कपाळपट्टीवर मधोमध जी छोटी मूर्ती ती ललाटबिंब. बऱ्याच ठिकाणी तिथे गणपती असतो, काही ठिकाणी दोन्ही बाजूंनी हत्ती पाणी घालताहेत अशी गजलक्ष्मी. गाभाऱ्यात आज महादेव असला तरी चौकटीवर आणि भिंतीवरच्या देवकोष्टांत (मूर्तींच्या कोनाड्यांत) विष्णूचीच रूपं असतील, तर देऊळ मूळचं कुणाचं असावं याचा विचार तिथेच सुरू होतो.

विष्णूची उभी मूर्ती दिसली तर मुलांसोबत खेळायला एक छान खेळ आहे. चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म असतात, आणि त्यांचा क्रम बदलला की नाव बदलतं. अशी चोवीस नावं. मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करायची, उजवा वरचा, मग डावा वरचा, मग डावा खालचा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर केशव. संध्येत जी चोवीस नावं घेतात तीच ही. कोष्टक वहीत उतरवून न्या. पाचवीच्या पोरांना ते मोठ्यांपेक्षा लवकर जमतं.

वीरगळ मात्र खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा गायी: गावची गुरं वाचवताना तो पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन जाताहेत. वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहो. शेजारी कोपरातून वळलेला, बांगड्या भरलेला एकच हात कोरलेला दगड दिसला तर ती सतीशिळा. गावात या दोन्हींना शेंदूर फासून मारुती किंवा भैरोबा केलेलं असतं. तिथे वाद घालायचा नाही. पूजा होते म्हणून तर तो दगड कुणाच्या पायरीला गेला नाही.

टॉर्चची गोष्ट. अंधाऱ्या मंडपात समोरून झोत मारला की सगळं सपाट. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. झिजलेली अक्षरं, पुसट नक्षी, कारागिराच्या खुणासुद्धा उठून दिसतात. मावळतीचं ऊन बाहेर जे करतं ते हा लहान दिवा आत करतो. वटवाघळं असतील तर आधी दारातून हलकी टाळी वाजवून थोडं थांबा.

आणि 'हेमाडपंती' या शब्दावर, म्हणजे यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीच्या नावावर, भिस्त ठेवू नका. विदर्भात चुन्याशिवाय रचलेलं प्रत्येक काळं देऊळ हेमाडपंती, नाहीतर पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं. यादवांच्या आधीची आणि नंतरची, गोंडांची, भोसल्यांची देवळं या एका शब्दाखाली दडपून जातात. गावात तो शब्द ऐकून घ्या, वहीत मात्र दगड, थर, चौकट लिहा.

७. दगडाबाहेरचंही पाहा

मेळघाटात धारणी-चिखलदरा भागात कोरकू लोक मेलेल्या माणसाच्या नावाने सागवानी फळी कोरून उभी करतात. तिला मुंडा म्हणतात, आणि तो विधी सिडोली. चंद्र, सूर्य, घोड्यावरचा स्वार, नाचणारी माणसं. गावाबाहेर एखाद्या झाडाखाली त्या एकत्र उभ्या असतात. हे कुणाच्या तरी आजोबांचं स्मारक आहे. गावातल्या माणसाला सोबत नेल्याशिवाय तिकडे जाऊ नका, हात लावू नका; फोटोला नाही म्हटलं तर नाही. विकत मागणारे शहरी लोक येतात, त्यांत तुमची गणना होऊ देऊ नका.

सेवाग्रामच्या बापू कुटीत मातीच्या भिंतीवर मीराबेननी काढलेलं उठावाचं चित्र आहे: झाडं, चरखा, ॐ. लोक बापूंची बैठक पाहतात आणि भिंत विसरतात.

झाडीपट्टीत दिवाळीनंतर होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे कंपन्यांचं ठाणं. रात्रभराच्या नाटकात मागे जे रंगवलेले पडदे पडतात, वाडा, जंगल, रस्ता, ते मला कुठल्याही चित्रप्रदर्शनाइतके मोलाचे वाटतात. दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक असा बेत असलेलं गाव निवडा, आणि सुरुवातीआधी तासभर जाऊन पडदे लावताना बघा. रंगवणाऱ्या पेंटरचं नाव विचारा. ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरला असाल तर काळी-पिवळी मारबत आणि बडगे या पुतळ्यांची मिरवणूक. संध्याकाळपर्यंत सगळं जाळलेलं असतं, म्हणून सकाळीच जा.

८. नेहमीच्या फसगती

ऑइल पेंट. याहून मोठं नुकसान सध्या दुसरं नाही. जत्रेआधी उत्साही मंडळी मूर्तीला चंदेरी, देवळाला गुलाबी रंग देतात. रंगाखाली ओल अडकते आणि वालुकाश्म पापुद्र्यांनी सुटतो. वर बारीक कोरीव काम बुजतं ते वेगळंच. काढायला म्हणून कुणी ॲसिड ओतलं की उरलंसुरलं जातं. तुमचं गाव रंग द्यायला निघालं असेल तर 'देवाला रंग देऊ नका' म्हणून उभे राहू नका, कुणी ऐकणार नाही. वर्गणी मंडपाकडे, वीजजोडणीकडे, कुंपणाकडे वळवा. त्यांनाही देवासाठी काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं.

सुशोभीकरण. निधी येतो, फरशी बसते, जोत्याचा खालचा थर फरशीखाली गाडला जातो आणि पावसाचं पाणी भिंतीत शिरतं. ग्रामसभेत विचारायचा प्रश्न एवढाच: हे स्मारक संरक्षित यादीत आहे का? केंद्रीय संरक्षित असेल तर १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. स्मारकाची नासधूस केली तर १९५८ च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जागेवरच्या निळ्या फलकावर हे लिहिलेलं असतं, फक्त तो फलक बहुधा झुडपात असतो.

फोटोंबाबत: मोबाइलला सहसा कुणी अडवत नाही, ट्रायपॉड आणि ड्रोनला परवानगी लागते. गाभाऱ्यात गुरवाला विचारून. आणि शेतात एकट्या पडलेल्या चांगल्या मूर्तीचा फोटो ठिकाणासह सगळीकडे पाठवू नका. मूर्तिचोरही मोबाइल वापरतात.

९. वावरात मूर्ती निघाली तर

नांगराला दगड लागतो, पलटवला तर चेहरा. एकदा लोकांना कळलं की तुम्हाला 'दगडांचा नाद' आहे, की पहिला फोन तुम्हालाच येईल. काय करायचं ते आधी ठाऊक असू द्या.

मूर्ती जिथे आहे तिथेच राहू द्या. धुऊ नका, घासू नका. कोणत्या धुऱ्यापासून (बांधापासून) किती पावलांवर, किती खोल, तोंड कुठल्या दिशेला हे वहीत लिहा; शेजारी पेन ठेवून फोटो घ्या म्हणजे आकार कळतो. पोलीस पाटील आणि तलाठ्याला लगेच सांगा, तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी १८७८ पासूनचा कायदा आहे आणि खबर जिल्हाधिकाऱ्यांकडे जावी लागते. ज्याच्या वावरात निघाली त्याला 'सरकार शेत घेतं' अशी भीती असते, आणि त्या भीतीने मूर्ती रातोरात नदीत जाते. त्याच्याशी आधी बोला: काकाजी, शेत तुमचंच राहतं, मूर्तीची तेवढी नोंद होते.

गावाला मूर्ती गावातच हवी असते, खातं ती संग्रहालयात नेऊ पाहतं. या ओढाताणीत नव्या माणसाने पुढारीपण करू नये. पंचनामा होईपर्यंत मूर्तीवर कोरडं पोतं झाकून राखणीला दोन माणसं बसवा. ती हलवली गेलीच, तर पंचनाम्याची प्रत ग्रामपंचायतीत ठेवायला लावा, आणि कुठल्या संग्रहालयात कोणत्या नोंदणी क्रमांकाने जाते आहे ते लिहून घ्या. पुढे शाळेची सहल नेली की दालनातल्या कर्मचाऱ्याला तोच क्रमांक सांगायचा. नाहीतर शेकडो मूर्तींत आपल्या गावची ओळखू येत नाही, आणि बाहेर मांडलेली नसेल तर कोठारात पाहायला मिळावी म्हणून अर्जातही तोच क्रमांक लागतो.